नाजूकरावांचा हात

नाजूकरावांच्या कातडीला साबण चालत नसे, लोकर चालत नसे, घड्याळाचा पट्टाही चालत नसे. उमेदीची वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात गेली, त्याची ही बक्षिसी. पुढे ते आमच्या प्रयोगशाळेत भांडार सांभाळायला आले आणि आम्हाला घबाडच सापडलं. आम्ही रेशमाच्या प्रथिनापासून जेलीसारखी मऊ चकती बनवत होतो. ती छातीला चिकटवली की हृदयाचे ठोके यंत्राला कळत. कुठलीही नवी चकती आधी नाजूकरावांच्या हातावर लागायची. ते दिवसभर कुरकुर करायचे, आम्ही ती इमानेइतबारे ऐकायचो. त्यांनी नाक मुरडलं की चकती बाद.

त्या वर्षी त्यांची लेक दिवस भरायच्या आतच बाळंत झाली. नात रुग्णालयात काचेच्या पेटीत होती. ठोके मोजणारी पट्टी बदलताना तिची कातडी सोलून निघायची. त्याच रुग्णालयात आमची चकती अशा बाळांना लावून बघायची होती. अडलं होतं ते फक्त नाजूकरावांच्या होकारासाठी.

"काय म्हणतोय हात?" संध्याकाळी मी विचारलं.

"काही नाही, मॅडम. अगदी लोण्यासारखी आहे."

कधी नव्हे ते कौतुक ऐकून आम्ही हुरळून गेलो. शंकेची पाल चुकचुकायला हवी होती, पण नाही चुकचुकली.

घरी काय झालं ते मला त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं. तिने बाही वर केली तर हात लालभडक.

"गप्प बस," ते म्हणाले. "जरा चुरचुरतंय इतकंच. पोरीला मिळू दे."

"तुम्हाला बोंब मारता येते," ती म्हणाली. "तिला येते का?"

सकाळी ते बाही दुमडूनच माझ्यासमोर उभे राहिले. "खोटं बोललो. ही बाळांना लावू नका."

रेशीम विरघळवायला वापरलेला क्षार चकतीत राहिला होता. चकती धुण्याची पद्धत बदलण्यात महिने गेले. नातीला जुनीच पट्टी लागत राहिली. पट्टी बदलायच्या वेळी नाजूकराव काचेबाहेर उभे राहायचे. ते भांडारात परतल्यावर मला त्यांच्याकडे बघवत नसे.

नवी चकती तयार झाली तेव्हा नात घरी आली होती. बाळसं धरलं होतं, छातीवर पट्टीचे व्रण होते. संध्याकाळी मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"काही नाही," ते म्हणाले आणि हात पुढे केला. "पण माझ्या शब्दावर जाऊ नका. बघून घ्या."

मी चकती काढून पाहिलं. हात नितळ होता.

"ही आधी झाली असती तर," ते म्हणाले आणि बाही खाली केली.