बारीक टाक्यांचा पडदा

मी पडदा खाली सोडला आणि खोलीत चांदण्या दिसायला लागल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते.

पाथर्डी फाट्याजवळचा दोन खोल्यांचा फ्लॅट. खिडकी पूर्वेची. आमचे हे हातात ड्रिल घेऊन स्टुलावर उभे. दाराशी रोहिणी, जिने ऑर्डर दिली ती. आणि पलंगावर तिचा नवरा विलास, अंबडच्या कारखान्यातून रात्रभर थर्ड शिफ्ट करून आलेला, डोळे लालभडक. मी शिवलेल्या पडद्यावर आडव्या पाच रेघांमध्ये उजेडाचे बारीक ठिपके चमकत होते.

विलास आडवा झाला, वर बघितलं आणि म्हणाला, "लय भारी दिसतंय काकू. गच्चीवर झोपल्यासारखं वाटतंय."

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी सिडकोत बावीस वर्षं ब्लाउज शिवले. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी आणि गिऱ्हाइकांच्या लग्नसराईच्या घाईने दमले आणि पडद्यांकडे वळले. त्यातही रोमन शेड. हा पडदा बाजूला सरकत नाही, दोरी ओढली की घड्या पडत वर जातो. त्याच्या मागच्या बाजूला आडवे खिसे शिवायचे, त्यात बारीक काठ्या घालायच्या, खिशांवर रिंगा लावायच्या आणि रिंगांमधून दोऱ्या ओवायच्या. दिसायला सोपं. गिऱ्हाइकालाही तसंच वाटतं, म्हणून तर भाव करतात.

रोहिणीला झोपेसाठी अंधार हवा होता, म्हणून मी मागे ब्लॅकआउटचं अस्तर लावलं होतं. या कापडावर रबरासारखा थर असतो, त्यातून उजेड येत नाही. बाजूने ऊन शिरू नये म्हणून पडदा चौकटीच्या आत न बसवता बाहेर भिंतीवर घेतला, दोन्हीकडे चार-चार इंच जास्त. एवढी अक्कल चालवली आणि तरी चांदण्या.

रोहिणीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. आवाज अगदी हळू.

"काकू, मागच्या आठवड्यात प्रेसवर यांचा डोळा लागला. शेजारच्याने मशीन बंद केलं म्हणून हात वाचला."

"अगं बाई. मग डे शिफ्ट मागायची."

"मागितली. दिवाळीपर्यंत जागा नाही म्हणाले. साहेबांनी सांगितलंय, सोमवारी या आणि सांगा, थर्ड शिफ्ट झेपणार का नाही. नसेल झेपत तर काम सोडा. यांना दिवसा तीन तासांवर झोप नाही. काळे कागद लावले होते, दोन दिवसांत गळून पडले. म्हणून तर तुमच्याकडे आले."

ऑर्डर देताना ती मला एवढंच म्हणाली होती की खोली दवाखान्यासारखी दिसायला नको, म्हणून हळदी रंगाचं कापड घ्या. बाकीचं पोटातच ठेवलं होतं. त्या दिवशी गुरुवार होता.

"शनिवारी सकाळी आणते," मी म्हटलं. कसं आणणार ते मलाच माहीत नव्हतं.

पडदा काढणं सोपं होतं. भिंतीवर लाकडी पट्टी ठोकलेली असते आणि पडदा तिच्यावर वेल्क्रोने चिकटवतात, त्यामुळे भिंतीला पुन्हा भोकं पाडावी लागत नाहीत. घरी येऊन मी तो आमच्या खिडकीत उन्हाला धरला. काठ्यांच्या खिशांची शिवण, पाचही. तेवढ्याच जागी ठिपके. बाकी अस्तर काळंठिक्कर.

आता ही गोष्ट नीट सांगते, कारण यातच सगळी चूक आहे. साध्या सुती कापडात सुई गेली की धागे बाजूला होतात आणि पुन्हा जवळ येतात. भोक राहत नाही. ब्लॅकआउटचा थर मात्र फाटतो तो फाटतोच. आणि मी इंचाला बारा टाके घालणारी बाई. ब्लाउजच्या काळात बायका खास म्हणायच्या, हिची शिवण उसवत नाही, टाका दिसत नाही. मी त्याच हाताने त्या अस्तरात हजारो भोकं पाडली होती, सरळ रेषेत, एकसारखी. एखादी आळशी शिंपीण असती तर तिच्या पडद्यात निम्म्या चांदण्या आल्या असत्या.

आमचे हे बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. पडदे बसवायचं काम त्यांचं. शिवणात ते तोंड घालत नाहीत. त्या दिवशी घातलं.

"टाका जरा लांब घातला असता तर?"

"बावीस वर्षांत माझा टाका कुणाला दिसलेला नाही."

"टाका नाहीच दिसत," ते म्हणाले. "भोकं दिसतात."

मी पडद्याची घडी करून कपाटावर टाकली. राग त्यांच्यावर नव्हता. विलासने तो पडदा बघून हसायचा प्रयत्न केला होता, ते डोळ्यांपुढून जात नव्हतं.

उसवून उपयोग नव्हता, जुनी भोकं तशीच राहिली असती. शुक्रवारी मी मेन रोडवर जाऊन नवीन अस्तर आणि पांढरं सुती कापड आणलं. दुकानदार म्हणाला, "ताई, ब्लॅकआउटच्या मागे आणखी कापड कशाला?" मी म्हटलं, "कारण मला शिवता येतं."

उशीला आपण टाका घालत नाही, अभ्र्याला घालतो. तसंच केलं. काठ्यांचे खिसे सगळे मागच्या पांढऱ्या कापडावर शिवले. हळदी कापड पुढे, पांढरं मागे, आणि ब्लॅकआउट मधे नुसतं ठेवलं. कडेला हळदी कापड मागे दुमडलं आणि हातशिलाईने फक्त पांढऱ्याला जोडलं. मधल्या थराला तिथे सुई लावलीच नाही.

पण तिन्ही थर कुठेतरी एकत्र अडकायला हवेत, नाहीतर घड्या पडताना कापड सरकतं. तिथे रिंगांपाशी हाताने एकेक टाका घातला. पाच काठ्या, प्रत्येकीला तीन रिंगा, पंधरा टाके. प्रत्येकावर मागून गमचा थेंब. हात शिवशिवत होता, खरं सांगते. एवढ्या मोठ्या पडद्याला पंधरा टाके म्हणजे मला उघड्यावर उभं केल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी नऊ वाजता पोचलो. विलास नुकताच पोहे खाऊन बसला होता. ह्यांनी पट्टीला पडदा चिकटवला, मी दोऱ्या ओवल्या आणि दोरी सोडली.

अंधार झाला. रोहिणी कुठे उभी आहे तेही आधी कळेना. मग वरच्या कोपऱ्यात एक ठिपका दिसला. एकच. एका टाक्यावर गम लावायचा राहून गेला होता.

"काढते, दोन मिनिटांत बंद करते," मी म्हटलं.

"राहू द्या ना काकू," पलंगावरून विलासचा आवाज आला. "एक तर एक."

मी स्टूल शोधत होते, तेवढ्यात मागून घोरण्याचा आवाज आला. आम्ही तिघं तसेच थांबलो. रोहिणीने माझा हात घट्ट धरला. आम्ही चपला हातात घेऊन बाहेर पडलो. ड्रिल आतच राहिलं.

दुपारी चारला तिचा फोन आला. "काकू, सहा तास झाले. अजून झोपलेत. उठवू का?"

"उठवशील तर बघ," मी म्हटलं आणि फोन ठेवून डोळे पुसले.

रविवारीही तो तेवढाच झोपला. सोमवारी त्याने साहेबांना झेपेल म्हणून सांगितलं. दिवाळीनंतर त्याला फर्स्ट शिफ्ट मिळाली. तोवर हात शाबूत, नोकरी शाबूत. ड्रिल आणायला हे चार दिवसांनी गेले, तेही आधी फोन करून, संध्याकाळी.

माझं चुकलं ते एवढंच की मी पडदा टेबलावर तपासला. टेबलावर शिवण दिसते, उजेड दिसत नाही. आता ब्लॅकआउटचा प्रत्येक पडदा द्यायच्या आधी मी तो आमच्या बेडरूममध्ये टांगते आणि भरदुपारी ह्यांना खाली झोपवते. त्यांनी एक जरी चांदणी सांगितली तर माल परत टेबलावर. घोरायला लागले की माल पास.