एकाच ट्रेसिंगमधल्या बायका

धंदा बुडाला की मागे दोनच गोष्टी उरतात. न खपलेले गठ्ठे आणि किस्से. आमच्या कॉमिकचे गठ्ठे माळ्यावर वाळवीने खाल्ले. किस्से कोण खाणार? ते वाढतच जातात मेले! जुनी माणसं कुणाच्या तरी बाराव्याला भेटतात, पंगतीत कोणीतरी 'तुका आठवता रे?' म्हणून सुरू करतं, आणि भात वाढणारा तसाच उभा राहतो. हल्ली आमची भेट बाराव्यालाच होते, ती गोष्ट वेगळी.

तर मालवणच्या बाजारात, एका छापखान्याच्या वरच्या खोलीत आमचं ऑफिस होतं. खाली लग्नपत्रिका आणि जत्रेची हँडबिलं छापायचे. वर 'दर्यावीर' तयार व्हायचा. दर्यावीर म्हणजे आमचा सुपरहिरो. वादळ गिळायचा, जहाजं उलटवायचा, दर महिन्याला एकदा बुडायचा आणि दर महिन्याला वर यायचा. मालक नाना. गोष्टी लिहायला रिटायर झालेले गावडे मास्तर. आणि मी फुगे भरायचो. पात्रांच्या तोंडापुढे बोलण्याचे गोल असतात ना, त्यांत हाताने अक्षरं लिहायची, ते माझं काम. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटर कुडाळपर्यंत पोचला होता, पण नानांचा जिना काही चढला नव्हता.

आणि एक होती जलजा. दर्यावीराची जोडीदारीण. तिलाही शक्ती होत्या म्हणे. कुठल्या, ते मास्तरांनासुद्धा सांगता आलं नसतं.

*

आमचा पहिला चित्रकार गोव्याला बोर्ड रंगवायला पळाला. जाताना ट्रेसिंगचा एक बटर पेपर मागे ठेवून गेला. त्यावर एक बाई. कंबर पिळलेली, एक पाय चवड्यावर, छाती पुढे, केस उडालेले. नानांनी तो कागद देवासारखा जपला. मग जो कोणी चित्रकार मिळेल त्याने कॉमिकमधली प्रत्येक बाई त्याच्यावरून उतरवायची. जलजा त्याच्यावरून. राक्षसीण त्याच्यावरून, फक्त नखं वाढवायची. राजकन्या म्हणजे तीच, वर मुकुट.

एकदा मास्तरांनी गोष्टीत दर्यावीराची म्हातारी आई आणली. आजारी, काठी टेकत चालणारी. चित्र आलं. केस पांढरे, हातात काठी, आणि खाली तीच कंबर, तोच चवड्यावरचा पाय!

मास्तर बिचारे चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. "नाना, ही आई आहे हो त्याची!"

"आई असली म्हणून काय झालं? कव्हरवर यायचीय ती!"

*

त्यानंतर सुनंदा आली. कुडाळजवळच्या पिंगुळीची. तिचा बाप चित्रकथी. देवळात चित्रं दाखवून रात्र रात्र गोष्ट सांगायची, हे त्यांच्या घरात पिढ्यांचं. पण ऐकायला माणसं येईनात, घरोघर टीव्ही आला होता. म्हणून पोरगी आमच्याकडे नोकरीला. कुडाळला गाडी बदलून रोज एसटीने यायची. आमच्या खोलीत तोवर खरी बाई कधी बसलीच नव्हती. मग एक खुर्ची आणावी लागली.

नानांनी परीक्षा घेतली. "जलजा काढ बघू."

सुनंदाने काढली. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, दोरी ओढणारी. पाय वाळूत रुतलेले, काष्टा घट्ट मारलेला, दंडाचे स्नायू ताणलेले, आणि चेहऱ्यावर असा जोर की दोरीच्या दुसऱ्या टोकाला अख्खा दर्या असावा. मी आणि मास्तर टेबलावर वाकून बघत राहिलो. खरं सांगतो, तसं चित्र त्या खोलीत आधीही झालं नव्हतं आणि नंतरही नाही.

नानांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "हात चांगला आहे तुझा. पण ही बघतेय कुठे?"

"दोरीकडे."

"वाचकाकडे बघायला सांग तिला!"

नोकरी मिळाली. बटर पेपरही मिळाला.

*

मला सगळ्यात जास्त छळलं ते जलजाच्या केसांनी. दर्यावीर बोलायला लागला की पानभर फुगे. जलजाची पाळी आली की जागाच नाही, सगळी केसांनी खाल्लेली! मास्तरांनी तिला चांगली चार वाक्यं दिलेली असायची. मी नानांकडे कागद घेऊन जायचो. नाना म्हणायचे, "केस राहू देत. वाक्य काप." कापून कापून शेवटी उरायचं, 'सांभाळा!' कधी तर नुसतं, 'अगं बाई!' वर्षभर ती बाई दोन शब्दांच्या पुढे गेली नाही.

एक दिवस सुनंदा माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "दादा, ही पाण्याखाली आसा ना? मग केस उडवूक वारो खंयसून येता?"

मी नानांना जाऊन विचारलं. माझंही चुकलंच. नाना म्हणाले, "विज्ञान वाचायचं असेल त्याने पाठ्यपुस्तक घ्यावं!"

*

नानांना जुने ओरिजिनल कागद कशालाही वापरायची खोड. टाक पुसायला, चहाच्या कपाखाली. एकदा दुपारी तळलेल्या बांगड्याखाली जलजाचं पान पसरलं. तेल तोंडावरून गळ्यापर्यंत उतरलं. सुनंदा ताडकन उठली आणि तिने बांगडा उचलून ताटात ठेवला. मालकाच्या पुढचा बांगडा!

"आमच्याकडे चित्र असा टाकूचा नसता," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. त्यांच्या घरी चित्र जुनं झालं, फाटलं, तर फेकत नाहीत. आधी नवं काढून पुरं करायचं. मग जुन्याला हळदकुंकू, फुलं, नारळ, आणि पाण्यात सोडायचं. नवं झाल्याशिवाय जुनं सोडायचं नाही. मधल्या वेळात त्या देवाने राहायचं कुठे?

नाना हसले. "ते देवादिकांचं गो! ही आमची कॉमिकमधली बाई!"

"बाई तर आसा ना?" सुनंदा म्हणाली. त्या दिवसापासून ती जुनी पानं गोळा करून आपल्या टेबलाखाली ठेवायला लागली. नानांना काय, रद्दीच ती.

*

खप उतरायला लागला तसा नानांना साक्षात्कार झाला. मुली! अर्धं जग मुलींचं, आणि आपण त्यांना विकतच नाही! निघाला 'खास मुलींसाठी' अंक. गुलाबी कव्हर, पाठीमागे खोबऱ्याच्या वड्यांची कृती, वर टिकल्यांचं पाकीट चिकटवलेलं. मुलग्यांच्या अंकाबरोबर दर्यावीराचा पुठ्ठ्याचा मुखवटा. आत गोष्ट एकच, मुलींच्या अंकात मारामारीची पानं तेवढी काढून टाकलेली. मारामारी गेल्यावर गोष्टीत राहिलं काय? जलजा वाट बघतेय, एवढंच.

आम्ही अंक घेऊन बाजारात रेहमानभाईंच्या दुकानी गेलो. त्यांची शबाना आठवी-नववीत असेल, आमचं प्रत्येक पान दुकानात उभ्याने वाचलेली. तिने गुलाबी अंक चाळला, टिकल्यांचं पाकीट अलगद सोडवून नानांच्या हातात दिलं. "माका जलजाचो मुखवटो होयो."

"जलजाला मुखवटा नसतो, बाळ."

"कित्या?"

नाना गडबडले. "तिचा चेहरा झाकला तर अंक कोण घेणार?"

"मी घेतलंय असतंय," शबाना म्हणाली.

परतताना मास्तरांनी विचारलं, "नाना, तुमच्या लेकीला, मंगलला, कसा वाटला हो अंक?" ऑफिसात नाना छापील मराठी बोलायचे. पण एकदम भडकले आणि घरच्या बोलीवर आले. "माझ्या चेडवान असला काय वाचूचा नाय!"

*

सुनंदाची इच्छा एकच होती. एकदा, फक्त एका अंकात, जलजा तिच्या हातची असावी. ती दोरी ओढणारी. दर महिन्याला ती विचारायची, दर महिन्याला नाना म्हणायचे, "पुढच्या अंकात बघू हां." चार-पाच वर्षं तशीच गेली. दुकानात शबाना मला विचारायची, "दादा, जलजा कधी लढतली?" आणि मीही सांगायचो, पुढच्या अंकात. ते आठवलं की अजून जेवण गोड लागत नाही.

मग एका पावसाळ्यात नानांनी सगळ्यांना बोलावलं. "ह्या अंकात जलजाला अख्खं पान!" सुनंदाचा चेहरा असा फुलला, मी तिला तसं कधी पाहिलंच नव्हतं. तिने लगेच कोरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं.

"जलजा मरते," नाना म्हणाले.

नाना रंगात आले होते.

"दर्यावीराला राग यायला काहीतरी कारण नको? मुलगे खूश होतील. सूड, सूड!"

मास्तर म्हणाले, "नाना, हा दर महिन्याला बुडतो नि वर येतो. तिलाही आणू वर." नाना म्हणाले, तिच्यासाठी कोण परत अंक घेणार? मी शबानाचं नाव सांगितलं. नाना म्हणाले, एका पोरीवर छापखाना चालत नाही.

सुनंदा एवढंच म्हणाली, "मरूची तर मरूंदे. पण माझ्या हातान मरूंदे. लढान." आणि ती कागदावर वाकली.

नानांनी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "नवीन कशाला काढत बसतेस? तेच ट्रेसिंग आडवं कर!"

आणि तसंच झालं. कंबर पिळलेली, छाती वर, एक पाय चवड्यावर. आडवी! फुग्यात मी लिहिलं, 'दर्यावीर...' केसांमुळे तेवढीच जागा होती.

*

आता हा शेवटचा. हा मी पंगतीत सांगत नाही.

अंक छापून आला त्या आठवड्यात सुनंदाने नोकरी सोडली. जाताना टेबलाखालची सगळी पानं मागितली. नाना म्हणाले, ने, जागा मोकळी होईल. दुसऱ्या दिवशी ती बापाला घेऊन आली. म्हातारा वाळलेला, धोतर स्वच्छ, डोक्याला पांढरी टोपी. पिशवीत नारळ, अबोलीच्या फुलांचा गुंफलेला वळेसर, हळदकुंकवाच्या पुड्या. मला म्हणाली, "दादा, तुम्ही येवा. तिका वळखणारा कोणतरी होया."

बंदरावर गेलो. ओहोटी लागली होती, होड्या कलंडून पडलेल्या. म्हाताऱ्याने पानांचं गाठोडं वाळूवर सोडलं, एकेक पान हाताने सारखं केलं. तेलाचे डाग पडलेली, टाक पुसलेली, चहाचे गोल उमटलेली जलजा. शेवटी ते आडवं पान. म्हाताऱ्याने हळदकुंकू वाहिलं, नारळ हातात घेतला आणि पाण्यात गुडघाभर गेला. मग वळून लेकीला विचारलं, "नवी काढलंस?"

सुनंदाने आडव्या पानावरची वाळू झटकली.

"बाय, नवी खंय आसा?"

"काढूक नाय दिल्यानी."

म्हातारा तसाच उभा राहिला. मग पाण्यातून बाहेर आला, नारळ पिशवीत ठेवला, पानं गोळा करून गाठोडं बांधलं. गाठ चांगली ओढून घट्ट केली. "मग सोडूची कशी?" म्हणाला. सुनंदा तिथेच वाळूत बसून रडली. मीही रडलो, लपवून काय करू.

स्टँडवर कुडाळ गाडी लागलेली. तिघांच्या सीटवर खिडकीकडे सुनंदा बसली, बाहेरच्या बाजूला म्हातारा. मधे त्याने गाठोडं उभं ठेवलं आणि वर अबोलीचा वळेसर घातला. मी खाली खिडकीपाशी उभा होतो. कंडक्टर चिमटा वाजवत आला.

"कुठे?"

म्हाताऱ्याने कनवटीचे पैसे काढले.

"तीन कुडाळ."