पालखीच्या वाटेवरची हरळी

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. दुपार आहे. आषाढाचा पाऊस पत्र्यावर एका लयीत वाजतोय. मी ओसरीवर आडवा झालोय. हळूहळू पाऊस लांब जातो, दुसऱ्याच कुठल्या गावात पडत असल्यासारखा.

मी शाळेत आहे. फळ्यावर आपला तलाव काढतोय. मातीची लांब भिंत, जादा पाणी जायला बाजूचा सांडवा, भिंतीखाली आपली पस्तीस घरं. मागे वळतो, तर शेवटच्या बाकावर गयामावशी, हातात खुरपं. याच भिंतीच्या उतारावर तिने बावीस वर्षं हरळीचं गवत लावलं, राखलं. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

"मावशी, तू तर..."

"गेले. ठाऊक आहे मला. शिकवा तुम्ही. सांडव्याला पेललं नाही, तर पाणी कुठून जाईल?"

"भिंतीवरून."

"मग बघा."

मी खडू ठेवतो. वर्गाची फरशी पुढे उतरत गेलेली असते आणि आम्ही भिंतीच्या माथ्यावर उभे असतो. तलाव काठोकाठ भरलाय. पाणी माथा ओलांडतं, काचेसारखं पातळ होऊन उतारावर पसरतं. हरळीची सगळी पाती एकदम आडवी होतात, जणू कुणी भिंतीचे केस विंचरतंय. वरून एवढं पाणी धावतंय आणि खाली मातीचा कण हलत नाही!

मावशी उताराचं टोक गोधडीसारखं उचलून दाखवते. आत मुळांचं जाळं. एकेका मुळाने माती आवळून धरलीय.

"आता तिकडे बघा."

तिकडे पालखीची वाट आहे. दर चैत्रात देवीची पालखी तिथून भिंत ओलांडते. मानकरी अनवाणी चालतात. त्यांच्या पायांत कुसळ जाऊ नये म्हणून गाव आदल्या दिवशी ती वाट खरवडून काढतं. असं वर्षानुवर्षं. माथा तिथे वीतभर खचलाय आणि खालचा उतार उघडा पडलाय. म्हणून पाणी तिकडेच वळतं. पायथ्याशी मातीत एक पायरी पडते. मग तिच्या वर दुसरी. पाणी खाली जातंय आणि खड्डा मात्र वर चढत येतोय.

"गेल्या भाद्रपदात पाणी माथ्याच्या हातभरच खाली थांबलं होतं," मी म्हणतो. "मानकऱ्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, देवीच्या वाटेत गवत नको. मग गप्प बसलो. म्हातारपणी गावाशी वाद कशाला?"

"वा गुरुजी! जन्मभर पोरांना उठून उत्तर द्यायला लावलंत." ती खुदकन हसते. "आणि हीच हरळी दूर्वा म्हणून गणपतीच्या डोक्यावर चालते, ती मानकऱ्यांच्या पायाखाली नको होय?"

खड्डा माझ्या पायांशी येतो. माती सुटते.

"धरा!" मावशी ओरडते. मी वाकून हाताला लागेल ते धरतो.

डोळे उघडतात. ओसरी. पाऊस थांबलाय. माझी मूठ गच्च मिटलेली आहे. उघडतो, तर आत हरळीचा एक ठोंब, मुळांना ओला काळा चिखल.

समोर कस्तुरी उभी आहे, मानकऱ्यांची चौथीतली मुलगी, गणितं घेऊन आलेली.

"गुरुजी, हातात काय?"

मी सगळं सांगतो, मावशीसकट. वाटलं, हसेल. ती विचारते, "आता लावली तर भाद्रपदापर्यंत धरेल?"

"या पावसात पसरेल. पण आधी खचलेला माथा भरून चोपायला हवा. आणि तुझे बाबा..."

ती ठोंब घेऊन पळते. मी काठी टेकत तलावावर पोचतो, तेव्हा तिने वडिलांना हाताला धरून भिंतीवर आणलेलं असतं.

"बाबा, चपला काढा. त्या हरळीवर उभे राहा. टोचतं?"

मानकरी चार पावलं चालतात. थांबतात. पायांखाली बघतात आणि मानेनेच नाही म्हणतात.

मग कस्तुरी वाटेखालच्या उघड्या उतारावर बसते, बोटांनी खळगा करते, ठोंब त्यात खोवते आणि टाचेने घट्ट दाबते.