पायात नंबर असलेला कुरव

धरणाचं पाणी उतरलं की काठाची जमीन उघडी पडते. त्यातल्या एका पट्ट्यात मामी दर हिवाळ्यात लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी टाकते. गाव बुडालं तेव्हा तिचं शेत गेलं; आता एवढंच उरलंय, आणि तेही कागदावर तिचं नाही. मी नेमका तिथेच पक्षी पाहायला दुर्बीण घेऊन बसतो. ते तिला मुळीच खपत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिथे कुरव जातीचा एक कोवळा पाणपक्षी यायचा. पंखांवर तपकिरी डाग, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आणि पायात अक्षरं कोरलेलं प्लास्टिकचं कडं. मी हौसेनं मामीला दाखवायला गेलो. तिने दुर्बिणीला डोळाही लावला नाही.

"नंबर कोनं टाकला त्याले?"

"पाखराचा अभ्यास करते लोकं, त्याइनं. कुठून कुठं जाते ते समजते."

"आमच्या दारावर बी पहिले नंबरच टाकला होता. मंग ट्रक आले."

दुसऱ्या दिवशी ती बरोबर माझ्या आणि कुरवाच्या मध्ये येऊन उभी राहिली, नसलेलं गवत काढत. मला राग आला.

यंदा आला तो राखाडी पाठीचा, पांढऱ्या शेपटीचा, लाल चोचीचा. कडं तेच. खरं सांगतो, शंका मलाही आली. कोवळी पिसं झडून अशीच नवी येतात हे वाचलेलं होतं, डोळे मात्र मानेनात. अक्षरं पुन्हा पुन्हा वाचली. मामीने तर निकालच दिला, "कडं काढून दुसऱ्याले घातलं. मले नोको शिकवू."

मी कडं घालणाऱ्यांना कळवलं. लगेच उत्तर आलं: पक्षी तोच आहे, अभिनंदन. आता मोबाइलवरच्या नकाशात नेमक्या जागेवर खूण करा. तिथे काठावर शेती होते का, तेही कळवा.

शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं. प्रश्न साधाच असेल. पण आमच्या गावातही आधी साधे प्रश्न विचारणारेच आले होते, आमच्याच ओट्यावर चहा पिऊन गेले होते.

मामी लाखोरीची भाजी खुडत होती. मी तिला उत्तर आल्याचं सांगितलं. मान वर न करता म्हणाली, "काय पुसून राहिले?"

"जागा."

तिचे हात थांबले.

मी नकाशातली खूण काठावरून सरकवत पाण्यात नेली आणि आमचं जुनं गाव होतं तिथे ठेवली. शेतीपुढे 'नाही' लिहिलं. तिथून आता कोणाला काही हलवता येत नाही.