डाळिंबी रंगाची डबी

“बाई, तात्या पोचले का तिकडं?” अंथुर्ण्याहून सेक्रेटरींचा फोन होता. “तुमचा फोटो मी ग्रुपवर टाकला. त्यो बघून मोपेड काढली आन् निघालेच. कुणाचं ऐकंनात.”

“कोणता फोटो?”

“सकाळी तुमी पाठवलेला. पांढऱ्या बाहुल्यांचा.”

मी कपाळाला हात लावला. काम कुठवर आलं, काम कुठवर आलं, असं दिवसातून चारदा विचारून सेक्रेटरींनी नाकी नऊ आणले होते. म्हणून एकदाचा फोटो पाठवला होता.

बारामती एमआयडीसीत माझी छोटी शेड आहे. मी मॉडेल बनवते. साखर कारखान्यांची, धरणांची, बिल्डरांच्या स्कीमची. बावीस वर्षांपूर्वी अंथुर्ण्याच्या उपसा सिंचन संस्थेचं मॉडेल केलं होतं. उपसा म्हणजे कालव्याचं पाणी पंपानं उंचावरच्या रानात चढवायचं. काचेच्या पेटीत पंपहाउस, पाइपलाइन, हौद आणि इंचभर उंचीची सात माणसं, ओतीव धातूची. सहा पुरुष आणि एक बाई. पहिलं पाणी हौदात पडलं तेव्हा संस्थेचे जुने सभासद असलेल्या तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, पाण्याची ओटी भरली होती. म्हणून हौदापाशी त्या उभ्या होत्या.

आता संस्थेचं नवं ऑफिस झालं. रविवारी उद्घाटन. सामान हलवताना पेटी पडली. त्यातून मधल्या काळात कोण्या हौशी शिपायानं खिडक्यांचा उरलेला ऑइलपेंट सगळ्या माणसांना फासला होता. मी सातही जणांना थिनरमध्ये बुडवून धातूपर्यंत साफ केलं आणि पांढरा प्रायमर मारला. प्रायमर म्हणजे खालचा हात. पांढऱ्यावर लाल, पिवळा उजळ येतो. आजवर मी असंच करत आले. सहा पुरुष पांढरे दिसले तर कोणाचं काही बिघडत नाही, इकडे पुरुष पांढरंच घालतात.

तात्या आले. पंचाहत्तरीचे असतील. पाणी दिलं तर घेतलं नाही. सरळ टेबलापाशी गेले.

“हे काय नेसवलंय तिला?”

“तात्या, हा नुसता प्रायमर आहे. यावर रंग चढायचाय.”

“ती सवाष्ण गेली, बाई. गेल्या श्रावणात. हिरवा चुडा भरून वाटंला लावली तिला आमी. आन् तुमी पांढरं नेसवून सगळ्या गावाला दाखवलं.”

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मला नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. पांढरं नेस असं सुचवणाऱ्या नणंदेशी मी आजही धड बोलत नाही. कंबर सकाळपासून दुखत होती. मी म्हटलं, “मलाही नवरा नाही, तात्या. ही बघा, मोरपंखी नेसलेय. रंगावर काय असतं?”

त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं. “तुमचं बराबर हाय. तुमाला कुणी पांढरं दिलं तर तुमी न्हाय म्हणू शकता. तिला आता न्हाय म्हणता येत न्हाय.”

मी काकूंची बाहुली बाकीच्यांतून बाजूला घेतली.

“रंग कोणता होता आठवतंय?” मी विचारलं.

“डाळिंबी. लाल न्हवं. ती सोताच आलती की हितं, लुगडं घेऊन.”

आल्या होत्या. स्टुलावर बसून “अजून येवढंसं काळं टाका” म्हणत माझ्याकडून तीनदा रंग बदलून घेतला होता. ते लुगडं त्यांच्याबरोबरच गेलं, तात्या म्हणाले. घरातले फोटो जुने, पिवळे पडलेले. बाहुलीवर ऑइलपेंटच्या खाली खरा रंग असणार होता, तो मी स्वतःच्या हातानं धुऊन टाकला होता. नमुना काढून ठेवायचं सुचलं नाही. थकलेला माणूस सवयीनं काम करतो, तसं झालं.

राहिली ती उरलेल्या रंगांची पेटी. मी काही टाकत नाही, सून त्यावरून हसते. छोट्या मॉडेलचे रंग दोन जातींचे. पाण्यातले आणि तेलातले. पाण्यातल्या बाटल्या उघडल्या तर आत रबराचे गोळे. ते गेले की गेले, पाणी घालून परत येत नाहीत. तेलातल्या डब्या चिवट. एकीवर माझंच अक्षर होतं, “अंथुर्णे काकू”.

झाकण निघेना. गरम पाण्यात धरलं, पकडीनं फिरवलं, तेव्हा निघालं. वर चामड्यासारखी साय. साय आली म्हणजे बहुतेक वेळा खालचा माल वाचलेला असतो, हवा तिथंच अडते. ब्लेडनं साय गोल कापून काढली. खाली पातळ, मळकट तपकिरी तेल.

“हा न्हाय,” तात्या म्हणाले. त्यांचा चेहराच उतरला.

“थांबा. रंगाची भुकटी तळाला बसलीय. ढवळावं लागेल.”

“किती?”

“येईपर्यंत.”

डबी हलवून चालत नाही, बुडबुडे होतात. काडीनं तळ खरवडत हळूहळू ढवळायचं. माझं मनगट दहा मिनिटांत भरून आलं. तात्यांनी न विचारता डबी घेतली. अर्धा-पाऊण तास ते ढवळत बसले, मान वर न करता. आधी काळपट रेघ आली, मग लाल, मग दोन्ही एकजीव होत गेलं.

“बाई,” ते म्हणाले, “आली.”

मी त्यांच्यासमोरच पहिला हात दिला. डोक्यावरचा पदर आधी. कपाळाला कुंकवाचा ठिपका त्यांनी सांगायच्या आत दिला. जुना रंग वाळायला वेळ घेतो, दीड दिवस लागला. दुसरा हात शुक्रवारी दिला.

उद्घाटनाला चेअरमन पंपाच्या हॉर्सपॉवरवर बोलले. मॉडेलकडे फारसं कोणी पाहिलं नाही. तात्या मात्र काचेला नाक लावून उभे होते. सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी विचारलं, “ती डबी मला द्याल?”

“कशाला? घरी काय रंगवणार?”

“काय न्हाय. राहू द्या घरात.”

ऐनवेळी कुठं हात द्यावा लागला तर म्हणून पर्समध्ये आणलेली डबी मी काढून दिली. “घट्ट लावलीय. उलटी ठेवा, हवा जाणार नाही.”

“किती टिकंल?”

“उघडली तर वर्षभर. नाही उघडली तर आपल्या दोघांपेक्षा जास्त.”

“मग न्हाय उघडत,” म्हणून त्यांनी ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, उलटीच.

तेव्हापासून अर्धवट कामाचे फोटो मी कोणाला पाठवत नाही. आणि बाईच्या बाहुलीला पांढऱ्याऐवजी करडा प्रायमर मारते. त्यावर लाल मंद येतो, एक हात जास्त द्यावा लागतो. देते.