वेष्टीचं टोक

दिवे एकामागून एक पेटले आणि मद्रासमधल्या कोडंबाक्कमच्या त्या स्टुडिओत अंधारातून एक घर वर आलं. तांबड्या फरशीची ओसरी, पितळी साखळ्यांचा झोपाळा आणि समोरासमोर दोन दारं. छप्पर मात्र नाही. छपराच्या जागी फळ्यांवर माणसं दिवे सांभाळत बसलेली. कोमळमनं एका दाराला हात लावून पाहिला. लाकूड खरं होतं. इतकी वर्षं तिनं ही दारं रंगवलेल्या कापडाची पाहिली होती. जरा जोरात लोटलं की अख्खं घर डुलायचं आणि पहिल्या रांगेतली पोरं खिदळायची.

नाटकाचं नाव 'इरंडु वासल', म्हणजे दोन दारं. दोन मुलगे बापाचं घर वाटून घेतात आणि शेवटी आईबापही वाटून घेतात, एवढीच गोष्ट. पण नाटकं लावणारी मद्रासमधली एकही सभा अशी नव्हती जिथं या नाटकानं बायकांच्या पदराची टोकं भिजवली नव्हती. बाप व्हायचा वेंबू, दिवसा विमा कंपनीत कारकून. आई व्हायची कोमळम. रंगमंचावर तो तिचा नवरा, खाली उतरली की ती त्याला 'अण्णा' म्हणे. यावरून मंडळी तिला चिडवत, आणि ती म्हणे, "घरच्या नवऱ्याचं तरी कुठं ऐकत होते, म्हणून याचं ऐकू?"

घरचा नवरा हार्मोनियम वाजवायचा; तो गेला त्याला बराच काळ झाला होता. मदुरैच्या नाटक कंपनीत कोमळम पाळण्यातला कृष्ण म्हणून पहिल्यांदा रंगमंचावर आली, ती सीतेची सखी होऊन पुढं सीताही झाली. कंपनी मोडल्यावर ती मद्रासला, तिरुवल्लिक्केणीच्या एका खोलीत आली. सकाळी गच्चीवर अप्पळम, म्हणजे पापड, वाळत घालायचे, संध्याकाळी तोंडाला रंग लावायचा.

मग नाटकाचा चित्रपट करायचं ठरलं, आणि पोस्टरवर खपेल असा चेहरा हवा म्हणून आईचं काम शांभवीदेवींकडे गेलं. वेंबू तेवढा राहिला, तोही दिग्दर्शक दोरैकण्णूनं हट्ट धरला म्हणून. कोमळमला हे कळलं ते वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून. वेंबूनं सांगितलं नाही. त्या दिवसापासून तो तिच्या गल्लीतूनही गेला नव्हता.

आज सकाळी स्टुडिओची गाडी दारात आली. "डायरेक्टर सारांनी बोलावलंय, लगेच." कोमळमनं कपाटातली बरी साडी काढली. कोडंबाक्कमचा पूल ओलांडेपर्यंत तिला वाटत होतं, कोण जाणे, शांभवीदेवी आजारी पडल्या असतील. वाटलं आणि मग लाजही वाटली.

शांभवीदेवी ठणठणीत होत्या. झोपाळ्यावर बसून वारा घेत होत्या.

"अम्मा, वेंबू सार बुडतायत," दोरै तिला बाजूला घेऊन म्हणाला. "सकाळपासून एकच शॉट. जेवणाच्या सुट्टीपर्यंत झाला नाही, तर मुदलाळी त्यांना काढणार. ते बघा."

कोपऱ्यात एक माणूस मांडीवर रंगाची पेटी घेऊन बसला होता. एका मोठ्या नटाचा रंगभूषाकार. नट अजून यायचा होता. पेटी आधी येऊन थांबली होती.

"मग मी काय करू?"

"आधी एकदा बघा तरी."

मुदलाळी म्हणजे निर्माते चेट्टियार. खुर्चीत बसून ते घड्याळाकडे बघत नव्हते, पेटीकडे बघत होते. घंटा झाली, सगळे गप्प झाले. वेंबू खडूच्या खुणेवर उभा राहिला आणि बोलू लागला, "इतकी वर्षं हिनं वाढलं आणि मी जेवलो. आता मी त्या दारात जेवायचं, हिनं या दारात. चालेल..." आणि त्याचे पाय सुटले. दोन पावलं पुढं, डावीकडं. शेवटचं वाक्य त्यानं असं गर्जून टाकलं की वरचा एक दिवेवाला दचकला.

"कट! सार, पुन्हा पुसट! खुणेवरून हललात!" दोरै ओरडला.

"हललो?" वेंबूनं खाली पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग घामानं ओघळला होता. "शपथ, मला कळत नाही हो."

कोमळमला कळत होतं. सभेच्या रंगमंचाच्या काठावर माईक उभे असत. बोलायचं असलं की माणूस आपोआप त्यांच्याकडं सरके. भांडण असो, शृंगार असो. मरणारा सुद्धा शेवटचं वाक्य बोलायला खाटेवरून उठून माईकपाशी येई आणि मग परत जाऊन मरे. डावा माईक बापाचा. वेंबूचे पाय तिकडं निघाले होते. इथं माईक डोक्यावर टांगलेला. हे त्याच्या डोक्याला कळलं होतं, पायांना नाही.

"सुट्टीला किती वेळ आहे?" चेट्टियारांनी कुणाला तरी विचारलं.

"एक टेक होईल, मुदलाळी."

वेंबूनं कोमळमला तेव्हा पाहिलं. मान खाली घातली. तिला वाटलं, निघून जावं. याला काढलं तर हा नाटकात परत येईल. पुन्हा तेच कापडी घर, तीच जोडी. तिनं काही करायचंसुद्धा नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. रंगभूषाकारानं पेटीची कडी उघडली. तो आवाज कोमळमनं ऐकला, आणि मेकअपच्या खोलीत नव्या माणसाला बसवायला आपली खुर्ची रिकामी करून देणं कसं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं, कारण ते तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. तिला तर खोलीपर्यंतसुद्धा कुणी येऊ दिलं नव्हतं. वेंबूनं ते सगळ्यांदेखत करायचं?

ती कॅमेऱ्यापाशी गेली.

"सार, यात अण्णा कुठवर दिसतात?"

कॅमेरावाल्यानं कमरेवर आडवा हात धरला.

"म्हणजे खाली बसलेलं माणूस दिसणार नाही."

"नाही."

ती सरळ ओसरीवर चढली, वेंबूच्या पायाशी मांडी घालून बसली, त्याच्या कमरेला लुंगीसारख्या गुंडाळलेल्या वेष्टीचं टोक ओढून घेतलं आणि त्यावर ठाण मांडलं.

"कोमळम, हे काय!"

"आता या पुढं. तुम्ही याल, वेष्टी माझ्याकडे राहील. चित्रपट तरीही चालेल, पण वेगळ्या कारणानं."

वरच्या फळ्यांवर हशा पिकला. शांभवीदेवी झोपाळ्यावरून उठल्या, आपल्या जागेवर आल्या आणि कोमळमच्या बाजूचा निऱ्यांचा घोळ त्यांनी स्वतः सावरून घेतला. "बसा नीट," त्या हळूच म्हणाल्या.

घंटा. शांतता.

"इतकी वर्षं हिनं वाढलं आणि मी जेवलो," वेंबू म्हणाला. "आता मी त्या दारात जेवायचं, हिनं या दारात. चालेल." कोमळमला वेष्टी ताणलेली जाणवली. पाय निघाला होता. कापडानं त्याला धरलं, तो डगमगला, आणि उचललेलं पाऊल खाली आलं ते थेट फरशीवर टेकलेल्या तिच्या बोटांवर. चित्रपटवाल्यांनी थाटासाठी त्याच्या पायात खडावा घातल्या होत्या. वेंबू अंगानं भक्कम माणूस.

माईक डोक्यावर होता. श्वासही त्यात गेला असता. कोमळमनं दात आवळले. डोळ्यांत पाणी भरलं.

तोल सावरताना वेंबूनं खाली पाहिलं. ती वर बघत होती, भरल्या डोळ्यांनी. त्याला वाटलं, ही आपली साथ करतेय, नेहमीसारखी. शेवटच्या रांगेसाठी छातीत भरलेला आवाज तिथंच राहिला.

"फक्त एवढं सांगा, बाळांनो," तो तिच्याकडे बघतच, पुटपुटल्यासारखा म्हणाला, "जेवताना मला ठसका लागला, तर पाणी कोणत्या दारानं येईल?"

दोरैचा 'कट' फार उशिरा आला. चेट्टियारांनी खिशातून रुमाल काढला, मग कोपऱ्याकडं बघून हातानंच खूण केली. पेटीची कडी लागली.

वेंबू मात्र तसाच उभा. हात जोडलेले, ओठ थरथरणारे, आवाज आता पुन्हा शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "कोमळम! तुला टाकून मी इथं आलो. तुझ्या दारात यायचं तोंड नव्हतं मला. सगळ्यांच्या साक्षीनं सांगतो, हे काम माझं नाही, तुझं आहे, आणि या जन्मात हे ऋण—"

"ते सगळं सावकाश सांगा, अण्णा," कोमळम म्हणाली. "आधी माझ्या बोटांवरचा पाय उचला."