विचारल्याशिवाय उतरलेली मिशी

सलूनवाल्याची एक खोड गल्लीभर ठाऊक होती. विचारल्याशिवाय तो कात्री उघडत नसे. टकलू गिऱ्हाईक बसलं तरी, "बारीक की मध्यम?" निवृत्त कंडक्टरदादांना तर तो वर्षानुवर्षं विचारत आला, "मिशी ठेवायची ना?" आणि दादांचं ठरलेलं, "नको, तुझ्या मेहुण्याला दे."

आता दादांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिसला यापुढे जायचं नाही, असं त्यांनी घरात जाहीर केलं. सलूनवाला दाढी करायला घरी गेला तेव्हा दादांच्या बायकोनं, वहिनींनी, त्याला दारातच गाठलं. "भाऊजी, तुम्हीच समजवा. गळ्याशी वस्तरा असल्यावर कोण नाही म्हणेल?"

त्याला हसू आलं नाही. दातवाल्यानं सुई दिल्यावर गाल होतो तसं आतून सगळं बधिर. त्यानं फेस लावला.

"दादा, जात चला की."

"आयुष्यभर गाडीची बेल मी मारली. आता मला उतरायचंय, तर सगळे दोरी धरून बसलेत."

"आणि वहिनी?"

"ती रडते. मग मीही रडतो. पण त्या यंत्रावरून आलो की दोन दिवस ओकत पडायचं ते मलाच ना रे?"

सलूनवाल्याचे हात आपले चालत राहिले, आणि चालता चालता अर्धी मिशी घेऊन गेले.

दादांनी आरशात पाहिलं. "विचारलं नाहीस."

वहिनी धावत आल्या. "अगंबाई!" आधी हसल्या, मग भिंतीला टेकून रडल्या.

दादा त्यांच्याकडे बघत राहिले. "असल्या थोबाडानं मी वर जात नाही. मिशी येईपर्यंत डायलिसिस. पुढचं माझं मी ठरवीन. कबूल?"

"कबूल," वहिनी म्हणाल्या.

मिशी येत गेली. वहिनींना मात्र ती रोज तोकडीच दिसे. "छे, अजून कुठं भरलीय!"

एका रविवारी दाढीला बसल्यावर दादाच म्हणाले, "भरली."

सलूनवाल्यानं वहिनींकडे पाहिलं. त्या गरम पाण्याचं भांडं धरून उभ्या होत्या. समजवायचे शब्द तो घरून जुळवून आला होता. ते बाजूला ठेवून त्यानं विचारलं,

"उद्या दवाखान्याला रिक्षा सांगू, दादा?"

"नको."

"बरं."

टोकं सारखी करायला त्यानं कात्री उचलली. उघडण्याआधी थांबला.

"मिशी ठेवायची ना?"

मेहुण्याचं नाव निघेल म्हणून तो वाट बघत राहिला.

"ठेव," दादा म्हणाले.

वहिनींनी भांडं जवळ सरकवलं. पाणी कोमट झालं होतं.